लकाकी कुठे ठेवायची

पैठण, नेवासे, तेर, भोकरदन. गोदावरीच्या खोऱ्यातल्या या गावांत ज्यांनी ज्यांनी सातवाहनकाळाचा थर उघडला, त्यांच्या हाती काचेचे मणी लागले. पैठणला निजामाच्या पुरातत्त्व खात्याने 1937 च्या सुमारास खणले. नेवाशाला हसमुख सांकलियांनी 1954 ते 1956 या काळात, तेरला चापेकरांनी 1958 मध्ये. भोकरदनला 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून उत्खनन केले, शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते ही त्यामागची नावे. भोकरदन तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होते, जालना जिल्हा 1981 मध्ये वेगळा झाला.

दख्खनच्या या काळातल्या मण्यांत एक मणी पुन्हापुन्हा भेटतो: जेमतेम दोन-चार मिलिमीटरचा, विटकरी लाल, आरपार न दिसणारा. तो लाल झाला आहे तांब्यामुळे. पण तांबे एरवी काचेला निळा किंवा हिरवा रंग देते. बांगड्यांतला मोरपिशी रंग बहुधा तांब्याचाच असतो. तेच तांबे या मण्यात लाल दिसते, कारण काच वितळत असताना कारागिराने भट्टीतला ऑक्सिजन तोडला. ऑक्सिजनची उपासमार झाली की तांब्याची संयुगे आपला ऑक्सिजन सोडून देतात आणि काचेत तांब्याचे किंवा त्याच्या लाल ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मागे उरतात. शाळेच्या पुस्तकात आपण याला क्षपण म्हणतो.

आज जगभर टॉर्चच्या ज्योतीवर काचेचे मणी करणारे हौशी आणि व्यावसायिक कारागीर आहेत. या कामाला लॅम्पवर्क म्हणतात. त्यांच्याकडे एक खास काच असते. तिच्या सळईत चांदी किंवा तांबे विरघळवलेले असते. सळई पाहिली तर साधीच, कधी मळकट तपकिरी, कधी जांभळट. मणी घडवून झाला की ज्योतीतला ऑक्सिजन कमी करायचा आणि त्या भुकेल्या ज्योतीतून मणी दोन-तीन सेकंद फिरवायचा. मण्यावर धातूची झळाळी उमटते: चांदीची, सोनेरी, कधी निळी-जांभळी, डांबरी रस्त्यावरच्या पाण्यात पसरलेल्या पेट्रोलच्या तवंगासारखी. सातवाहनकालीन मणी आणि हा मणी यांमागचे रसायन एकच आहे. तरीही पहिला दोन हजार वर्षे मातीत राहून लालच राहिला आणि दुसऱ्याची झळाळी भट्टीतून बाहेर येईपर्यंत टिकेल की नाही, याची कारागिराला धाकधूक असते. हे प्रकरण त्या फरकाविषयी आहे.

फरक आहे जागेचा. जुन्या लाल मण्यात धातूचे कण काचेच्या अंगात, आरपार पसरलेले आहेत. आजच्या झळाळत्या मण्यावर धातू फक्त वरच्या पृष्ठावर येतो, तोही इतका पातळ की त्याची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीशी तोलावी लागते. पृष्ठावरच्या धातूला हवा लागते, घाम लागतो, हात लागतो. म्हणून लकाकी राखण्याचे दोनच मार्ग आहेत. एक, ती उमटते त्या शेवटच्या मिनिटात हात सांभाळायचा. दुसरा, तिच्यावर काच चढवायची. माझे मत विचाराल तर दुसरा मार्ग खरा टिकाऊ आहे. पण पहिला नीट कळल्याशिवाय दुसरा जमत नाही, म्हणून आधी ज्योतीकडे वळू.

प्रोपेनचे एक घनफळ पूर्ण जळायला ऑक्सिजनची पाच घनफळे लागतात. ब्यूटेनला साडेसहा लागतात. हे गणित आपल्याकडे फार महत्त्वाचे आहे. परदेशी पुस्तकांतल्या सूचना बहुतेक वेळा निव्वळ प्रोपेन गृहीत धरून लिहिलेल्या असतात. आपल्या सिलिंडरमधल्या एलपीजीत प्रोपेन आणि ब्यूटेन दोन्ही असतात, आणि ब्यूटेनचा वाटा मोठा असतो. म्हणजे छत्रपती संभाजीनगरात बसून कोणी पुस्तकात दिलेल्या प्रमाणात ऑक्सिजन सोडला, तर ज्योत आपोआप भुकेली राहते. मणी घडत असतानाच त्याचे क्षपण सुरू होते, आणि मग शेवटी करण्यासारखे काही उरत नाही. छोटे कारागीर हल्ली रुग्णांसाठीचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वापरतात. ते मिनिटाला पाच लिटरच्या आसपास, नव्वद-पंचाण्णव टक्के शुद्ध ऑक्सिजन देतात. मोठ्या टॉर्चला तो अपुरा पडतो आणि पुन्हा तीच भुकेली ज्योत मिळते.

तेव्हा आकडे बाजूला ठेवून ज्योत वाचायला शिकावे. टॉर्चच्या तोंडाशी छोटे निळे शंकू दिसतात. ते आखूड, टोकदार आणि रेखीव असतील, ज्योत सूं-सूं आवाज करत असेल, तर ऑक्सिजन पुरेसा आहे. ऑक्सिजनची चावी थोडी मिटत नेली की शंकू लांबतात, त्यांच्या कडा विरतात, ज्योत फुगते, आवाज मंदावतो आणि टोकाला पिवळेपणा येतो. धातूची लकाकी हवी असेल तर पिवळे टोक नुकते दिसू लागेल तिथे थांबावे. अख्खी ज्योत पिवळी आणि धुरकट झाली की मण्यावर काजळी बसते. काजळीला लकाकी समजण्याची चूक नवे कारागीर हमखास करतात. डोळ्यांवर डिडिमियम काचेचा चष्मा हवा. तापलेल्या काचेतल्या सोडियमचा 589 नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश तो अडवतो आणि त्यामागचा मणी दिसू लागतो. लकाकी उमटल्याचा क्षण नुसत्या डोळ्यांनी त्या पिवळ्या भगभगीत सापडत नाही.

आणि एक गोष्ट, जी प्रत्येक पुस्तकाने ठळक अक्षरांत छापायला हवी. क्षपण घडवणारी ज्योत म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांनी भरलेली ज्योत. तांब्याच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन हेच वायू ओढून घेतात. कार्बन मोनॉक्साइड विषारी आहे, आणि त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात हे काम कधीही करू नये. डोक्यावर धूर ओढणारा पंखा आणि समोरून ताजी हवा आत येण्याची वाट, या दोन्ही गोष्टी टॉर्च विकत घेण्याआधी व्हायला हव्यात.

आता मण्याकडे. पोलादी काडीवर मातीसारखा लेप देऊन, तो वाळवून, तिच्यावर वितळती काच गुंडाळायची, ही लॅम्पवर्कची मूळ कृती. पूर्ण मणी घडेपर्यंत ज्योतीत ऑक्सिजन भरपूर ठेवायचा, म्हणजे चांदी काचेत आयनरूपात विरघळलेली राहते. आकार जमला, टोके गोल झाली की मणी ज्योतीबाहेर काढायचा आणि थांबायचे. त्याचा नारिंगी उजेड विझू द्यायचा. पृष्ठ घट्ट व्हायला हवे, आतला गाभा गरम राहायला हवा. मग ऑक्सिजनची चावी थोडी मिटवून, फुगलेल्या ज्योतीच्या पुढच्या भागातून मणी फिरवायचा. दोन-तीन सेकंद, त्याहून जास्त नाही. बाहेर काढून बघायचे. उमटले नसेल तर पुन्हा तेवढेच.

इथे घाई करणाऱ्याचे आणि लोभ धरणाऱ्याचे, दोघांचेही नुकसान होते. मणी अजून पातळ, वाहता असताना भुकेल्या ज्योतीत धरला तर पृष्ठावर येणारा धातू परत काचेत ओढला जातो आणि चट्टे पडतात. उलट, लकाकी आल्यावर आणखी थोडी हवी म्हणून मणी ज्योतीत ठेवला, तर धातूचे कण वाढत जातात, एकमेकांत मिसळतात, पृष्ठ खडबडीत होते. आरशासारखी चमक मिळायला पृष्ठावरचे चढउतार प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे 400 ते 700 नॅनोमीटरपेक्षा, बरेच लहान हवेत. कण वाढले की प्रकाश चहूकडे विखुरतो आणि मणी राखाडी, मेलेला दिसतो. धातू तिथेच आहे, उलट जास्तच आहे. पण चमक गेली. ‘माझी काच खराब निघाली’ अशी तक्रार दहा वेळा कानावर आली, तर त्यांतल्या बहुतेक वेळा काच निर्दोष असते आणि ज्योतीतला वेळ लांबलेला असतो.

राखाडी झालेला मणी टाकून द्यायची गरज नाही. ऑक्सिजन वाढवून, रेखीव ज्योतीत तो सगळीकडून तापवला की पृष्ठावरच्या धातूचे पुन्हा ऑक्सिडीकरण होऊन तो काचेत विरतो. मणी थंडावू द्यावा आणि क्षपण नव्याने करावे. काही काचा हे दोन-तीनदा सहन करतात. शिसे असलेल्या काचा मात्र भुकेल्या ज्योतीत काळवंडतात, कारण शिसेही क्षपित होते. मोरपिशी रंगाच्या तांब्याच्या काचेवर तपकिरी-लाल साय येते. म्हणून चांदीच्या काचेखाली किंवा शेजारी कोणती काच घेतली आहे, हे आधी पाहावे. एकाच मण्यावर दोन काचा भांडतात, तेव्हा दोष बहुधा लकाकणाऱ्या काचेचा नसतो.

मणी झाला की तो गरम भट्टीत जातो. नाहीतर आतला ताण त्याला तडकवतो. लॅम्पवर्कच्या मऊ काचेसाठी ही भट्टी 500 ते 520 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात आणि मग हळूहळू थंड करतात. विजेच्या भट्टीत हवा असते, म्हणजेच ऑक्सिजन असतो. अगदी पातळ, नाजूक लकाकी काही तास अशा हवेत राहिली की फिकी पडू शकते. म्हणून दिवसभरातला पहिला मणी आणि शेवटचा मणी यांच्यात फरक दिसतो: पहिला भट्टीत सर्वांत जास्त वेळ राहिलेला असतो. लकाकीचे मणी दिवसाच्या शेवटी करावेत, ही साधी युक्ती त्यातूनच आली. शिवाय भट्टीचे दार पुन्हापुन्हा उघडू नये आणि तापमान गरजेपेक्षा वीस-तीस अंश वर ठेवू नये.

एवढे सगळे केले तरी उघड्या पृष्ठावरची चांदी ही चांदीच राहते. पैठणी नेसणाऱ्या घरांत हे कोणाला शिकवायला नको. पैठणीची जर पारंपरिकरीत्या चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा देऊन होते. मुलामा झिजला की खालची चांदी हवेतल्या गंधकाशी जोडली जाते आणि काळी पडते. म्हणून आजीच्या कपाटात पैठणी मऊ सुती कापडात गुंडाळलेली असते आणि तिच्यावर अत्तर मारत नाहीत. लकाकीच्या मण्याला तेच नियम लागू आहेत. अत्तर, घाम, रबर, कांदा-लसणाचा हात यांपासून तो दूर ठेवावा. चिंच, राख, रांगोळी, भांडी घासायची पावडर यांनी घासला तर काळा थर जातो, पण त्याखालचा धातूही जातो. तो पुन्हा आणायचा तर मणी परत ज्योतीत न्यावा लागतो, आणि दागिन्यात ओवलेल्या मण्यासाठी तो रस्ता बंद असतो. चांदी उजळवायच्या द्रावात तर अजिबात बुडवू नये. इतक्या पातळ थराला तो द्राव झेपत नाही.

फिरोजाबादच्या सोनेरी बांगड्यांचीही हीच गोष्ट. तिथे द्रवरूप सोने बांगडीवर कुंचल्याने लावून भाजतात. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत घेतलेली नवी बांगडी झगझगते. वर्षभर वापरली की मनगटाच्या बाजूचे सोने विरळ होते. सोने गंजत नाही, पण झिजते. पृष्ठावर ठेवलेला धातू कोणताही असो, तो वापराला देणे लागतो.

मग दुसरा मार्ग, आणि इथे पुन्हा दोन हजार वर्षे मागे जावे लागते. दख्खनच्या सातवाहनकालीन स्थळांवर सोन्याचा वर्ख घातलेले काचेचे मणी मिळाले आहेत. त्यांची रचना अशी: आत काचेची बारीक नळी, तिच्यावर सोन्याचा पातळ वर्ख, आणि त्यावर पुन्हा पारदर्शक काचेचे वेष्टन. सोने दोन काचांच्या मध्ये बंद. त्याला हात लागत नाही, घाम लागत नाही, आणि वरची काच भिंगाचे काम करून त्याची झळाळी वाढवते. भूमध्य समुद्राकाठच्या कारागिरांना हे तंत्र चांगले अवगत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासमार्गदर्शिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत कच्ची काच आहे, आणि त्याच बंदरातून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याची नोंद आहे. आपल्याकडच्या वर्खाच्या मण्यांपैकी कोणते बाहेरून आले आणि कोणते इथे झाले, हा अभ्यासकांचा विषय आहे. तंत्र मात्र इथल्या लोकांच्या डोळ्यांसमोर होते, हे नक्की. या सगळ्याचा शोध घेणारे मोरेश्वर गंगाधर दीक्षित हे मराठी संशोधक होते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात ते सांकलियांबरोबर होते. त्यांचे भारतीय काचेच्या इतिहासावरचे इंग्रजी पुस्तक मुंबई विद्यापीठाने 1969 मध्ये छापले. मराठीत या विषयावर त्या तोडीचे पुस्तक व्हायला हवे होते.

आजचा लॅम्पवर्क कारागीर वर्खाऐवजी क्षपणाने उमटलेल्या चांदीवर पारदर्शक काच चढवतो. पारदर्शक काच आतल्या काचेच्या प्रसरणाशी जुळणारी हवी. मऊ काचेच्या सळयांवर 104 हा आकडा असतो, बोरोसिलिकेटवर 33. दोन वेगळे आकडे एका मण्यात घातले तर थंड होताना तडा ठरलेला. आधी लकाकी उमटवायची, ती किंचित जास्त उमटली तरी चालते, कारण वरच्या काचेखाली ती थोडी मावळते. मग मणी पुरेसा घट्ट असताना पारदर्शक सळईचे टोक वेगळे, पूर्ण वितळेपर्यंत तापवायचे आणि ती वितळती काच मण्यावर पट्ट्यापट्ट्याने ठेवायची. ज्योतीचा मारा सळईवर, मण्यावर नाही. पट्ट्यांमध्ये हवा अडकू देऊ नये. शेवटी सगळे हलक्या आचेवर एकजीव करायचे. मणी पुन्हा पूर्ण वितळवला तर आतली चांदी विरते आणि पिवळट डाग उरतो. नीट जमले तर काचेच्या खाली निळा-चंदेरी पट्टा अडकतो. घट्ट काचेतून ऑक्सिजन त्याच्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाही.

काचेखाली धातू झाकण्याचे सर्वांत सूक्ष्म उदाहरण मात्र मण्यांत सापडत नाही, मातीच्या भांड्यांत सापडते. नवव्या शतकात अब्बासी इराकच्या कुंभारांनी झिलई दिलेल्या भांड्यांवर चांदी आणि तांब्याची संयुगे मातीत कालवून रंगवली आणि धुराच्या भट्टीत ती पुन्हा भाजली. धातूचे आयन झिलईतल्या सोडियम-पोटॅशियमची जागा घेत आत शिरले आणि तिथे क्षपित होऊन कण झाले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळले की कणांच्या थरावर झिलईचा एक अतिपातळ, कणविरहित पडदा उरलेला आहे. कुंभारांना नॅनोमीटर माहीत नव्हता. भट्टीची आच आणि धुराची वेळ त्यांनी हाताने ओळखली होती, आणि त्या पडद्याखालची लकाकी अकराशे-बाराशे वर्षांनी आजही संग्रहालयांत दिसते.

जुन्या काचेवर आणखी एक चमक दिसते आणि तिच्याबाबत सावध राहायला हवे. मातीत पुरलेल्या मण्यावर कधी इंद्रधनुषी पापुद्रा असतो. ही धातूची लकाकी नव्हे. मातीतल्या ओलाव्याने काचेतला सोडियम धुऊन नेला, उरलेल्या सिलिकाचे पातळ थर एकावर एक बसले आणि त्यांच्यावरून परतणारा प्रकाश रंग दाखवू लागला. ती काचेची व्याधी आहे. तांब्याच्या लाल काचेवर कधी हिरवट थरही चढतो, कारण पृष्ठावरच्या तांब्याला हवा-पाणी लागलेले असते. तो थर खरवडला तर आतला विटकरी लाल दिसतो खरा, पण खरवडल्यावर मण्याचे वय आणि त्याने सोसलेले हवापाणी सांगणारा पुरावा संपतो.

पैठणच्या आणि तेरच्या जुन्या टेकाडांवर पावसाने माती धुऊन गेली की बारीक मणी वर येतात. तेरमधले रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे आणि पैठणमधले बाळासाहेब पाटील यांच्या नावाचे, ही दोन्ही संग्रहालये गावातल्याच माणसांनी आयुष्यभर वेचलेल्या वस्तूंतून उभी राहिली. तुम्हाला असा मणी दिसला तर त्याला पाणी, चिंच, साबण, टूथपेस्ट काहीही लावू नका आणि घासू नका. मातीसकट कागदात गुंडाळा, कुठे सापडला ते त्याच कागदावर लिहा आणि जवळच्या संग्रहालयाकडे सोपवा.